आधी हात

हिरव्या शेंगेला वास नसतो.
हे मला अंतालाहाला येईपर्यंत माहीत नव्हतं.
राजधानीत, पाळक होण्याच्या शाळेत,
व्हॅनिला म्हणजे नाताळच्या केकमधलं चमचाभर काहीतरी.
इथे ती वेल आहे, झाडाला बिलगलेली,
तिचं फूल एकच सकाळ उघडतं,
आणि दुपारच्या आत कुणी काडीने त्याचं लग्न लावलं नाही
तर मुकाट गळून पडतं.

वादळ मार्चमध्ये आलं.
चर्चचं छप्पर पत्र्यापत्र्याने गेलं,
घंटा सापडली नदीपल्याड, चिखलात तोंड खुपसून.
मारोवावीचा वेलोंजारा सापडला नाही.
सोळा वर्षांचा. होडी बांधून येतो म्हणाला होता.

जुलैत, अजून पत्रे यायचे होते,
मी उघड्या आभाळाखाली उपदेश केला.
तयारी चांगली होती.
म्हणालो, आपण हिरव्या शेंगा आहोत,
देव आपल्याला उकळत्या पाण्यात बुडवतो,
घोंगडीत गुंडाळून घाम काढतो, उन्हात घालतो,
तेव्हा कुठे सुगंध सुटतो.
माना डोलल्या.
मलाही माझं बोलणं आवडलं.

मागच्या ओंडक्यावर मारोवावी.
तिची मान हलली नाही.

सोमवारी निरोप आला:
पाळकाला म्हणावं, शेंगा करायच्यात, हात लावायला ये.

परसात चूल, चुलीवर पिंप.
पाण्याला बुडबुडा यायच्या आतच
तिने दोन लाकडं मागे ओढली.
‘उकळत्या पाण्यात शेंग फुटते.
कुणी शिकवलं तुम्हाला?’
मग बाही वर सारून
तिने हात पाण्यात घातला, मनगटापर्यंत,
काढला, लाल,
एक तांब्या गार ओतला, पुन्हा घातला.
‘हं. आता.’
मग टोपली.

दुपारभर तेच. दर टोपलीआधी हात.
पाचव्या की सहाव्या वेळी ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता,
‘माझ्या पोराला वासासाठी बुडवलं
असं परत बोलू नका.
तसा देव असेल तर त्याच्या दारात मी उभी राहणार नाही.’

मी घोंगडीच्या घड्या करत राहिलो.
बऱ्याच वेळाने विचारलं,
मग दर रविवारी येतेस ती कुणासाठी?

ती उठून आत गेली. भात टाकला असावा.

पुढे तीन महिने
शेंगा सकाळी उन्हात, दुपारी घोंगडीत, रात्री पेटीत.
एकेक शेंग बोटांतून जाते रोज,
बुरशी लागली तर कडेला.
किती कडेला जातात, हे मी उपदेशात सांगितलंच नव्हतं.
सप्टेंबरात एका पहाटे पेटी उघडली
आणि मी काही बोलूच शकलो नाही.
ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना सांगायला नको,
इतरांना सांगता येत नाही.

तिने एक शेंग माझ्या तळहातावर ठेवली.
काळसर, सुरकुतलेली, वादीसारखी लवचिक.
देठाजवळ तीन ठिपके आणि एक तिरकी रेघ.
इथे चोर फार. हिरवी असतानाच
टाचणीने टोचून प्रत्येक घर आपली खूण करतं.
‘हे त्याने टोचलेलं. फेब्रुवारीत.’
पाण्यातून, घामातून, उन्हातून
ठिपके तसेच होते, उलट ठळक.

नोव्हेंबरात पत्रे आले. घंटा जरा बद्द वाजते.
प्रभुभोजनाला मारोवावीने हात पुढे केला
तेव्हा मी भाकर मोडायची थांबलो:
सोलवटलेलं मनगट, चटक्यांवर चटके.
मला दुसऱ्या एकाचे हात आठवले,
तेही टोचलेले, तेही आधी गेलेले.
बोललो नाही. उपदेश होऊन गेला असता.

ती अजून मागच्याच ओंडक्यावर बसते.
का, याचं उत्तर तिने दिलेलं नाही,
माझ्याकडेही नाही, आणि हल्ली
कुणी घरातलं माणूस पुरून आलं
तर मी आधी चुलीशी जाऊन बसतो.

या वर्षी पाणी बघायचं काम तिने मला दिलंय.
पहिल्याच दिवशी मी हात फार लवकर काढला.
‘एवढ्यात नाही,’ ती म्हणाली,
आणि माझ्या हाताशेजारी आपला घातला.